१४८ यार्डांचे १७० कसे होतात: गोल्फमधला वारा आणि चढ-उताराचा हिशेब

मे महिन्यातली संध्याकाळ, पुण्यातला एक कोर्स. अंतर मोजणाऱ्या लेझरमध्ये होलचा झेंडा १४८ यार्डांवर दिसत होता. शांत हवेत माझा सात नंबरचा आयर्न (लोखंडी क्लब, म्हणजे गोल्फची काठी; नंबर लहान तसा चेंडू लांब) १४५ जातो, म्हणून हात तिकडेच गेला. माझी बॅग घेणाऱ्या कॅडीला सगळेच मामा म्हणतात. मामांनी तोवर हायब्रिड (त्याहून लांब जाणारा क्लब) अर्धा बाहेर काढून ठेवला होता. "साहेब, एकशे सत्तर खेळा," ते म्हणाले. मला हसू आलं. तीन यार्ड कमी पडतायत ना, मग जरा जोर लावू, असं म्हणून मी सात नंबरच मारला. चेंडू वर गेला, आणखी वर गेला, तिथे क्षणभर लोंबकळला आणि ग्रीनपुढच्या (होलभोवतीच्या बारीक गवतापुढच्या) बंकरच्याही, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्याही, अलीकडे येऊन पडला. मामांनी न बोलता हायब्रिड परत आत सरकवला.

रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तर उत्तर १७० आलं. मामांनी ते नजरेनं काढलं होतं, मला अर्धा तास लागला. पुढे जे लिहिलंय ते त्या कागदावरचंच, थोडं नीटनेटकं करून. कोर्सवर यार्ड, उंचीला फूट आणि हवामानाच्या अ‍ॅपवर किलोमीटर अशी आपली तीन मापांची खिचडी असते. मी ती तशीच ठेवली आहे. एक यार्ड म्हणजे तीन फूट, एवढं ध्यानात असलं की पुरे.

आधी स्वतःचे आकडे

वाऱ्याचा हिशेब चुकतो त्याहून जास्त वेळा मुळातला आकडाच चुकलेला असतो. "माझा सात नंबर १६० जातो" म्हणणाऱ्याला बहुधा आयुष्यातला सर्वोत्तम शॉट आठवत असतो. तोही उन्हाळ्यातला, कडक फेअरवेवर (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) पंधरा यार्ड घरंगळलेला. आपल्याला हवं आहे ते कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जाऊन पहिल्यांदा जिथे टेकतो तिथपर्यंतचं अंतर.

वारा नसलेल्या सकाळी प्रत्येक क्लबने दहा चेंडू मारा. सगळ्यात लांब गेलेले दोन आणि सगळ्यात आखूड पडलेले दोन सोडून द्या, उरलेल्या सहांची सरासरी वहीत लिहा. सरावाच्या रेंजवरचे घासलेले चेंडू आपल्या चेंडूपेक्षा कमी जातात. म्हणून हे आकडे रिकाम्या कोर्सवर एकदा पडताळून घ्या. माझे असे आहेत: सात नंबर १४५, सहा नंबर १५५, पाच नंबर १६५, चार नंबरचा हायब्रिड १७५. पुढची उदाहरणं याच आकड्यांवर आहेत.

चढ आणि उतार: मजले मोजा

ग्रीन आपल्यापेक्षा वर असेल तर दर तीन फूट उंचीला एक यार्ड वाढवा, खाली असेल तर तेवढाच कमी करा. नियम सोपा आहे. अडचण येते ती उंची ओळखताना. उघड्या मैदानावर "ग्रीन किती फूट वर आहे?" विचारलं तर कोणी दहा म्हणतं, कोणी चाळीस. म्हणून मी इमारतीचे मजले मोजतो. शहरात वाढलेल्या डोळ्याला मजला बरोबर कळतो आणि एक मजला साधारण दहा फुटांचा असतो. ग्रीनच्या जागी इमारत उभी आहे असं समजा आणि झेंडा कितव्या मजल्यावर येतो ते बघा. एक मजला म्हणजे तीन यार्ड, तीन मजले म्हणजे एक क्लब, म्हणजे दहाएक यार्डांचा फरक.

आणखी एक युक्ती आहे. चढाकडे तोंड करून मान न उचलता सरळ समोर बघा. नजर जिथे चढाला टेकते ती जागा तुमच्या पायांपेक्षा साधारण पाच फूट वर असते. तिथून झेंड्यापर्यंत अशा आणखी किती पायऱ्या आहेत ते मोजायचं. झेंड्याची काठी सहसा सात फुटांच्या आसपास असते, तिचाही मापासाठी उपयोग होतो.

तीन फुटांना एक यार्ड हा आकडा खाली येणाऱ्या चेंडूच्या कोनातून येतो. चेंडू ४५ अंशांत उतरत असेल तर जमीन एक यार्ड वर आली की तो एक यार्ड आधी टेकणार, हे सरळ आहे. वेजचा (उंच, आखूड शॉटच्या क्लबचा) चेंडू याहून उभा पडतो, म्हणून त्याला फरक थोडा कमी पडतो. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) आणि लांब आयर्नचा चेंडू तिरका येतो, त्यांना फरक जास्त. ज्याचा चेंडू मुळातच खालून जातो त्याला वरचं ग्रीन इतरांपेक्षा महाग पडतं. अशा खेळाडूने हिशेबापेक्षा तीन-चार यार्ड जास्तच धरावेत.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. वरच्या ग्रीनवर चेंडू थांबतो आणि खालच्या ग्रीनवर पळतो, असं बरेच जण धरून चालतात. दोन्ही ग्रीन सपाट असतील तर होतं नेमकं उलट. वरच्या ग्रीनला चेंडू प्रवास पुरा व्हायच्या आधीच, कमी कोनात टेकतो, म्हणून पुढे पळतो. खालच्या ग्रीनवर तो जास्त वेळ हवेत राहून उभा पडतो आणि लवकर थांबतो. त्या जास्तीच्या वेळात वाराही त्याला जास्त ढकलतो. टी (होलचा पहिला शॉट मारायची जागा) उंचावर आणि ग्रीन खाली असेल तर वाऱ्याचा अंदाज दुप्पट काळजीने करा.

पायाखालची जमीन तिरकी असेल तो वेगळा विषय, थोडक्यात सांगतो. चढावर उभं राहून मारलं की चेंडू उंच जातो, कमी जातो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा डावीकडे वळतो. उतारावरून तो खालून आणि उजवीकडे जातो. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर डावीकडे, खाली असेल तर उजवीकडे. खांदे उताराला समांतर ठेवा आणि अर्धाच जोर लावा.

वारा वाचणं

टीवर आल्यावर गवत उडवून बघणं हा आपला आवडता विधी. उडवायला हरकत नाही, पण ते गवत फक्त छातीच्या उंचीवरचा वारा सांगतं आणि चेंडू तिथे फार थोडा वेळ असतो. टीव्हीवर दिसणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंचा चेंडू, क्लब कुठलाही असो, साधारण ९० फूट चढतो. म्हणजे नऊ मजले. आपला तेवढा चढत नसेल, पण झाडांच्या वर नक्की जातो. झाडांनी वेढलेल्या टीवर पान हलत नसतं आणि शेंड्यांच्या वर वारा घोंगावत असतो.

म्हणून मी या क्रमाने बघतो: झाडांचे शेंडे, ग्रीनवरचा झेंडा, शेजारच्या होलचा झेंडा, तळं असेल तर पाण्यावरच्या लाटा, आणि शेवटी गवत. वर घारी घिरट्या घालत असतील तर त्या कुठल्या बाजूला वाहत चालल्या आहेत तेही दिसतं. झेंडा एक सांगतोय आणि शेंडे दुसरं, तर शेंड्यांचं ऐका.

वेगाचा अंदाज असा करा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत, झेंडा फडकतोय: १२ ते १९ किलोमीटर. धूळ आणि कागदाचे कपटे उडतायत, लहान फांद्या हलतायत: २० ते २८. लहान झाडं पुरती डोलतायत: २९ ते ३८. सकाळी घरून निघताना अ‍ॅपवरचा आकडा बघून ठेवा आणि कोर्सवर त्याच्याशी ताडून बघा. महिनाभरात डोळा तयार होतो. मुंबईकरांना दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा ठाऊक आहेच. पुण्यात एप्रिल-मेमध्ये तोच पश्चिमेचा वारा संध्याकाळकडे येऊन पोचतो. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी पाचला तोच होल खेळून बघा, दोन वेगळे कोर्स वाटतील.

वाऱ्याचा हिशेब

समोरून येणारा वारा जेवढं घेतो, पाठीमागून येणारा तेवढं देत नाही. सगळ्या हिशेबात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. समोरच्या दर ५ किलोमीटर वेगाला साधारण ३ टक्के वाढवा. पाठीमागच्या दर ५ किलोमीटरला दीड टक्का कमी करा. म्हणजे १५० यार्डांच्या शॉटला १६ किलोमीटरचा वारा समोरून असेल तर १५ यार्ड जास्त, पाठीमागून असेल तर फक्त ७-८ यार्ड कमी. समोरचा वारा ३० किलोमीटरच्या पुढे गेला की हे गणितही अपुरं पडतं. तिथे मी मुकाट्याने आणखी एक क्लब घेतो.

असं होण्याचं कारण चेंडूच्या उलट्या फिरकीत आहे. या फिरकीमुळेच चेंडू हवेत तरंगतो. समोरून वारा असेल तर चेंडूला भिडणाऱ्या हवेचा वेग वाढतो, अडथळा वाढतो आणि वर उचलणारा जोरही वाढतो. चेंडू पुढे जाण्याऐवजी चढत राहतो आणि मग उभा कोसळतो. पाठीमागून वारा असताना अडथळा कमी होतो खरा, पण उचलणारा जोरही कमी होतो. चेंडू लवकर खाली येतो आणि फायदा अर्ध्यावर राहतो.

वारा नेमका समोरून किंवा पाठीमागून क्वचितच येतो. त्यासाठी घड्याळ आठवा, झेंडा बारा वाजता. एक किंवा अकराच्या दिशेने येणारा वारा समोरचा म्हणून ९० टक्के आणि आडवा म्हणून अर्धा मोजा. दोन किंवा दहाच्या दिशेचा समोरचा म्हणून अर्धा आणि आडवा म्हणून ९० टक्के. तीन आणि नऊचा वारा पूर्ण आडवा. मागच्या बाजूलाही हीच वाटणी.

आडव्या वाऱ्यासाठी १५० यार्डांच्या शॉटला, १६ किलोमीटर वेगाला आठ-दहा यार्ड धरून सुरुवात करा आणि आपल्या चेंडूवरून दुरुस्त करत जा. उंच मारणाऱ्याचा चेंडू जास्त वाहतो. दिशा बदला, शॉट बदलू नका, हे माझं ठाम मत. वाऱ्याविरुद्ध ड्रॉ (उजव्या हाताच्या खेळाडूचा डावीकडे वळणारा शॉट) मारून चेंडू सरळ धरून ठेवणं बघायला सुंदर असतं, पण त्यात अंतर जातं आणि आपल्यापैकी बहुतेकांचा ड्रॉ हवा तेव्हा येत नाही. उलट नेहमीचा स्लाइस (उजवीकडे वळणारा शॉट) असेल आणि वारा डावीकडून असेल, तर दोन्ही मिळून चेंडू शेजारच्या फेअरवेवर जाणार, हे आधीच मान्य करून डावीकडे बघा.

झुळका येत-जात असतील तर? अमेरिकेतल्या सॉग्रास कोर्सचा सतरावा होल, पाण्यातलं ते ग्रीन, जेमतेम १३७ यार्ड. २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये शनिवारी वारा सुटला आणि जगातल्या नामवंतांचे चेंडू एकामागून एक तिथल्या पाण्यात गेले. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी त्या आठवड्यात एका स्ट्रोकने दुसरा आला. आपण एवढंच करायचं की झुळकीच्या मधला सर्वसाधारण वारा धरायचा आणि तो आला की मारायचं. नियमांत एका शॉटला ४० सेकंदांहून जास्त वेळ घेऊ नये अशी शिफारस आहे, त्यामुळे ध्यानस्थ उभं राहायला मुभा नाही.

हवेची जाडी

समुद्रसपाटीपासून जितकं वर जाल तितकी हवा विरळ आणि चेंडू लांब. दर १००० मीटरला साधारण ४ टक्के धरा. पुणे ५६० मीटरवर आहे, म्हणजे मुंबईच्या मानाने जेमतेम २ टक्के, १५० यार्डांना ३ यार्ड. चेंबूरहून येणाऱ्या पाहुण्याने पुण्यात क्लब बदलायची गरज नाही. गुलमर्गला मात्र कोर्स साधारण २६५० मीटरवर आहे, तिथे १० टक्के होतात. १४५ चा सात नंबर तिथे १६० जवळ जातो आणि पहिल्या दिवशी सगळे ग्रीनच्या मागे सापडतात. आणि हा आकडा दोनदा मोजू नका: तुमची वही पुण्यातच भरलेली असेल तर पुण्याचे २ टक्के तिच्यात आधीच आहेत.

थंडीत चेंडू कमी जातो. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत ड्रायव्हरला सात-आठ यार्डांचा फरक पडू शकतो. पावसाळ्यात "हवा जड झालीय" असं सगळे म्हणतात. खरं तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते आणि तिचा परिणाम मोजण्याइतकाही नसतो. पावसाळ्यात अंतर जातं ते ओल्या जमिनीमुळे. चेंडू पडतो तिथेच रुततो आणि घरंगळणं संपतं.

मामांचे १७०

आता ती संध्याकाळ मांडू. झेंडा १४८ यार्डांवर. ग्रीन साधारण अडीच मजले वर, २४ फूट धरू, म्हणजे ८ यार्ड. झाले १५६. वारा एकच्या दिशेने, १६ किलोमीटर. पूर्ण समोरून असता तर १० टक्के, एकच्या दिशेचा म्हणून ९ टक्के. १५६ चे ९ टक्के म्हणजे १४. झाले १७०. उंचीची दुरुस्ती नाही, कारण वही पुण्याची. आडवा भाग अर्धा, म्हणून चार-पाच यार्ड उजवीकडे नेम.

पाच नंबर १६५, हायब्रिड १७५. अशा वेळी चूक कुठे झाली तर स्वस्त पडेल ते बघा. पुढे बंकर आहे, मागे सपाट गवत. म्हणून हायब्रिड, पकड इंचभर खाली. क्रम हाच ठेवा: आधी चढ-उतार, मग वारा, मग हवा, मग दिशा. एकदा आकडा ठरला की तो बदलायचा नाही. चेंडूवर उभं राहून "पाच नंबर चालला असता का" असा विचार आला तर मागे सरका आणि पहिल्यापासून सुरू करा.

हाच हिशेब लहान होलवरही अंगावर येतो. अमेरिकेतल्या पेबल बीच कोर्सचा सातवा होल १०६ यार्डांच्या आसपासचा आणि खाली उतरणारा, समोर समुद्र. शांत हवेत वेज पुरतो, वादळी दिवशी चांगले खेळाडू मधले आयर्न काढतात. १९९२ च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी टॉम काइटचं तिथे ग्रीन चुकलं आणि त्याने चिप (ग्रीनबाहेरून हलकेच उडवलेला शॉट) थेट होलमध्ये घातली. स्पर्धाही त्यानेच जिंकली.

मारायचं कसं

माझी त्या दिवसाची खरी चूक क्लबपेक्षा जोराची होती. जोरात मारलं की फिरकी वाढते आणि समोरच्या वाऱ्यात फिरकी म्हणजे चेंडूला शिडी लावून देणं. एक किंवा दोन क्लब जास्त घ्या आणि निवांत मारा. चेंडू नेहमीपेक्षा एका चेंडूएवढा मागे. पकड इंचभर खाली. वजन डाव्या पायावर थोडं जास्त आणि तिथेच राहू द्या. हात चेंडूच्या किंचित पुढे. क्लब खांद्यापर्यंतच न्या, फॉलोथ्रू छातीशी थांबवा. हात वर गेले की चेंडूही वर गेला समजा. रेंजवर हा शॉट नेहमीच्या शॉटच्या किती टक्के जातो तेही वहीत लिहा, नाहीतर नवा अंदाज, नवी चूक.

ड्रायव्हरला टी (इथे चेंडू ठेवायची खुंटी) थोडी खाली चालेल, पण चेंडूवर वरून घाव घालू नका, त्याने फिरकी उलट वाढते. पाठीमागून वारा असेल तर टी उंच ठेवा. ज्यांचा ड्रायव्हर मुळातच खालून जातो त्यांना कधी कधी तीन नंबरचा वुडच (ड्रायव्हरच्या खालोखालचा क्लब) जास्त अंतर देतो. पाठीमागच्या वाऱ्यात ग्रीनवर चेंडू थांबत नाही, म्हणून ग्रीनच्या पुढच्या काठाशी टाका आणि पळू द्या. दोन बाजूंना बंकर आणि मधे वाट असेल तरच, अर्थात.

नियमांचं तेवढं बघा

स्पर्धेत अंतर मोजणारं लेझर चालतं, पण चढ-उतार मोजणारी सोय बंद हवी. कोर्सवर यंत्राने वारा मोजणं किंवा पावडर उडवून दिशा बघणं नियमबाह्य आहे. गवत मात्र चालतं. पहिल्या चुकीला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन स्ट्रोक, दुसऱ्या चुकीला बाद. सरावाच्या फेरीत मात्र चढ-उताराची सोय जरूर वापरा. आधी स्वतः मजले मोजून आकडा मोठ्याने सांगा, मगच लेझर बघा. मी मामांसोबत चहाच्या पैजेवर हे खेळतो आणि आजवर चहा बहुतेक मीच पाजला आहे.

ग्रीनवर जोराचा वारा असेल तर पटिंगला (चेंडू होलकडे लोळवताना) पाय नेहमीपेक्षा रुंद ठेवा. आणि पट मारायच्या आधी वाऱ्याने चेंडू हलला तर भांडण नको. तो अजून उचलून मार्क केलेला नसेल तर जिथे थांबला तिथूनच खेळायचं, होलजवळ गेला तरी आणि लांब गेला तरी. एकदा उचलून परत ठेवल्यानंतर हलला तर पूर्वीच्या जागी आणून ठेवायचा. दोन्हीत दंड नाही.